निळं पडलेलं पातं आणि दुकानाची किल्ली

मी, खाली सही करणारी, मेलेल्या सुताराची जिवंत बायको, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. हात थरथरतो, पण तो सांध्यांमुळे. जीभ शाबूत आहे, शेजारी सांगतील. मला कुणी दमदाटी केलेली नाही. करून बघावी!

एक. नवऱ्याने माझ्या नावावर केलेलं घर आणि सुतारकामाचं दुकान, किल्लीसकट, माझ्या एकुलत्या एक लेकीला. दिराला नाही. पुन्हा लिहिते, दिराला नाही.

दोन. रंध्याचं पोलादी पातं, सासऱ्यांच्या वेळचं, तेही लेकीलाच. नवऱ्याच्या आजारपणात ते गंजून तांबडं झालं होतं. नवरा गेला आणि महिन्याच्या आत दीर हजर. "वहिनी, द्या इकडे, दोन मिनिटांत चकाचक करतो."

"भाऊजी, सावकाश. पाणी लावत घासा."

"तुम्ही स्वयंपाकाचं बघा."

ग्राइंडरवर धरलं, ठिणग्या उडवल्या आणि धार तापून निळी पडली. निळी धार मऊ पडते, लाकडाला लागली की वळते. मग पातं भंगाराच्या डब्यात टाकून म्हणतो, "दुकानही असंच मोडीत काढा, वहिनी. मी मोबाईलचं टाकतो."

लेकीने ते डब्यातून काढलं. रॉकेलमध्ये भिजवून, पितळी ब्रशने गंज उतरवला. सासऱ्यांनी ठोकलेली खूण जाईल म्हणून काळे डाग तसेच ठेवले. निळा भाग मात्र दगडावर हाताने झिजवत बसली, घडीघडी पाण्यात बुडवून.

मी म्हटलं, "म्हातारी होशील गं."

"आई, तू गप्प बसलीस तर लवकर होईल."

नखाएवढं पातं गेलं. उरलेल्याने परवा फळी रंधली, तर कांद्याच्या सालीसारखा छिलका निघाला. दुकान कुणाला, ते तेव्हाच ठरलं.

तीन. दिराला ग्राइंडर. प्लग तुटलाय, त्यानेच तोडलाय. जावेला माझं कपाट. तिने त्याची किल्ली आपल्या नवऱ्याच्या, म्हणजे दिराच्या, हाती देऊ नये. मी गेल्यावर दीर रडेल. रडू द्यावं, पण दुकानात नको. हत्यारांना ओल लागते.

चार. वहिनीचं डोकं फिरलंय, तिने काहीही लिहिलं तरी कोर्टात उडवून लावीन, असं दीर गल्लीभर सांगतो. म्हणून साक्षीला त्यालाच बोलावलंय. दुकान आपल्यालाच मिळतंय अशा समजुतीत समोर चहा पितोय. वरच्या मजकुरावर मी वर्तमानपत्र ठेवलंय.

आत्ताच विचारलं, "भाऊजी, वाचता का सगळं? सावकाश."

"कशाला वहिनी, घरचंच तर आहे. पेन द्या."

या बाईने आमच्या डोळ्यांदेखत, पूर्ण शुद्धीवर आणि राजीखुशीने सही केली. आम्ही तिच्यासमोर साक्ष घालतो.

ठिकाण: दुकानाची मागची खोली
दिवस: सोमवार, ९ मार्च

सही: सुताराची बायको

साक्षीदार पहिला: समोरचा कुलूपवाला. सगळं वाचून, हसू दाबून.

साक्षीदार दुसरा: सख्खा धाकटा दीर. सही ठळक, झोकदार. दोन मिनिटंही लागली नाहीत.