डाव्या मडगार्डवरचा पोचा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, औषधांच्या दुकानात आयुष्य काढून निवृत्त झालेली, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणीही मानगुटीवर बसलेलं नसताना हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो आधीच घेऊन ठेवला, कारण शेवटचं कलम वाचल्यावर माझा मुलगा पहिल्यांदा तोच मागेल.

यापूर्वी मी केलेलं मृत्युपत्र या लेखाने रद्द झालं आहे. त्यात गाडी मुलाच्या नावे होती. तेव्हा मला वाटत होतं, त्याला गाडीची आवड आहे. आता कळलं की त्याला गाडीच्या फोटोची आवड आहे.

कलम १. राहतं घर माझं आणि माझ्या यजमानांचं स्वकष्टार्जित आहे. ते मुलगा आणि मुलगी यांना निम्मं निम्मं मिळावं. मात्र मुलीला इथे हवे तितके दिवस राहता येईल आणि तिला 'कधी हलतेस' असं कोणीही विचारू नये. मुलाचं स्वतःचं घर आहे, लिफ्ट आहे, लिफ्टमध्ये आरसा आहे. त्याचं इथे काही अडत नाही. घराचा रंग, फरशी, खिडक्या काय हवं ते बदला. फक्त फाटकाच्या डाव्या हाताचा विटांचा खांब पाडू नये, सरकवू नये आणि त्याला गिलावा करू नये. कारण कलम ५ मध्ये आहे.

कलम २. बँकेत जे असेल ते दोघांना सारखं. त्यावर भांडण झालं तर दोघांनी माझा फोटो भिंतीवरून उतरवून ठेवावा. मला ते ऐकत बसायचं नाही.

कलम ३. शिवणाचं यंत्र सूनबाईला. ती कमी बोलते आणि बोलते ते कामाचं बोलते. या घरात हा गुण बाहेरून आला.

कलम ४. यजमानांची हत्यारांची पेटी. आमचे हे पाणीपुरवठ्याच्या कचेरीत मीटर तपासायचे आणि सुट्टीच्या दिवशी गाडीखाली झोपायचे. ते गेल्यावर त्यांच्या जागी जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळींनी मला आपल्यात घेतलं. दर रविवारी ही मंडळी मैदानाच्या कडेला गाड्या लावतात, बॉनेट उघडतात आणि आत डोकावून बोलतात. गाडी चालवत कोणी नाही. चालवली तर धूळ बसते.

यांचा मोबाइलवर एक ग्रुपही आहे. सकाळी एकजण विचारतो, हेडलाइटची रिंग कुठे मिळेल? त्यावर चौघे नमस्कार करतात, एकजण गुडघ्याला चोळायच्या तेलाचं नाव सांगतो, कोणीतरी नातवाच्या पडलेल्या दाताचा फोटो टाकतो, आणि संध्याकाळपर्यंत विजेच्या बिलावरून दोघांचं वाजतं. रिंग काही मिळत नाही. एका सदस्याची सासू वारली तेव्हा सगळ्यांनी मिळून जेवढं दुःख केलं, त्याच्या दुप्पट दुःख दुसऱ्याच्या इंजिनात पाणी गेलं तेव्हा झालं. मी चाळीस वर्षं औषधं दिली, खोकला कोणता खरा आणि कोणता रजेसाठी, हे मला काउंटरवरून कळायचं. हे दुःख खरं होतं.

या मंडळींपैकी एकालाच पेटी द्यायची आहे. त्याला सगळे 'चोक' म्हणतात, कारण थंडीतल्या जुन्या गाडीसारखा तो बोलायला सुरुवात करायला फार वेळ घेतो. आमच्या यजमानांकडून नेलेला पाना परत आणून देणारा तो एकमेव माणूस. बाकीच्यांकडे यांचे पाने आहेत, ते त्यांनी खुशाल ठेवावेत आणि नट फिरवताना मला आठवावं.

मंडळाचे अध्यक्ष, बँकेतून निवृत्त झालेले, टोपणनाव 'ओरिजिनल'. त्यांना कोणतीही वस्तू दाखवली की आधी विचारतात, "ओरिजिनल आहे का?" एकदा मी चहा दिला तेव्हाही विचारलं होतं. त्यांना मी माळ्यावरचा रंगाचा उरलेला डबा देत आहे. त्या रंगाची माहिती पुढच्या कलमात येते. डब्याचं झाकण घट्ट बसलंय, ते त्यांनी स्वतःच उघडावं.

कलम ५. गाडी.

ही गाडी आम्ही जुनीच घेतली होती. मुलगी व्हायच्या वेळी माझ्या पोटात कळा सुरू झाल्या तेव्हा हे दाढी करत होते. अर्धी दाढी तशीच ठेवून त्यांनी मला पुढे बसवलं, चार वर्षांच्या मुलाला मागे टाकलं आणि गाडी बाहेर काढली ती थेट फाटकाच्या डाव्या खांबावर. मुलगा मागे भोकाड पसरून रडला. हे उतरले, मडगार्डकडे बघितलं, परत बसले आणि म्हणाले, "येतेय ती दार वाजवूनच येतेय." मुलगी होणार हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. हे आपले तसेच म्हणाले.

तो पोचा यांनी कधी काढला नाही. गॅरेजवाला दर वेळी विचारायचा, हे दर वेळी म्हणायचे, ती पोरीची खूण आहे, तिला हात लावायचा नाही. मुलगी रांगायला लागली तेव्हा तिचा तळवा त्यात बसायचा. पुढे मूठ बसायची. शाळेत जाताना ती त्या पोच्यावर कोपर टेकून बापाची वाट बघत उभी राहायची. पुढे ती गाडी चालवायलाही याच गाडीवर शिकली आणि तिने दुसरा पोचा पाडला नाही, याचा यांना थोडा राग होता. हे गेले त्या दिवशी सगळे घरात होते, ती बाहेर मडगार्डला हात लावून उभी होती. मी खिडकीतून पाहिलं आणि तिला आत बोलावलं नाही.

गेल्या वर्षी मी न्हाणीघरात पडले. उजवा खुबा मोडला, शस्त्रक्रिया झाली, बरेच दिवस रुग्णालयात गेले. मुलगी प्रयोगशाळेत रक्त तपासायचं काम करते. ती काम संपलं की माझ्याकडे यायची, माझी वेणी घालायची, चादर बदलायची. मुलगा येत होता, नाही असं नाही. येऊन मोबाइलवर काहीतरी बघून हसायचा आणि म्हणायचा, आई, तुझ्यासाठी एक गंमत आहे.

मला घरी आणलं तेव्हा ती गंमत फाटकात उभी होती. सगळं मंडळ टाळ्या वाजवत होतं. मी वॉकरवर, आणि समोर गाडी चकाचक, बॉनेटवर लाल फीत. ओरिजिनल पुढे आले. आपण जुनी पुस्तकं चाळून, तीन महिने वाद घालून, मूळ रंगाची छटा कशी शोधून काढली ते त्यांनी मला उभ्याने सांगितलं. कारखान्यातून निघाली तेव्हा अगदी अशीच होती, वहिनी, असं ते म्हणाले. मी विचारलं, कारखान्यातून निघाली तेव्हा तिच्यात कोण बसलं होतं? ते हसले. त्यांना तो विनोद वाटला.

या लोकांचं हेच आहे. वस्तू जितकी कोरी तितकी खरी. तिच्यात माणसं बसली, रडली, भांडली, उलट्या केल्या, हे सगळं यांच्या हिशेबी खराबी. ठोकून काढायची, वर लांबी भरायची आणि घासून रंग मारायचा. माझा उजवा खुबा आता धातूचा आहे. त्यावर मात्र मंडळाने हरकत घेतलेली नाही.

मुलगी माझ्या औषधांची पिशवी घेऊन मागून आली. गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला गेली. हात नेहमीच्या जागी ठेवला. तो गुळगुळीत पत्र्यावरून घसरला. ती आत गेली. चहाचं आधण ठेवताना माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "आई, माझा पोचा बुजवला गं त्यांनी."

एवढंच. ती रडली नाही, भावाला बोलली नाही, चहा सगळ्यांना दिला. ओरिजिनलनासुद्धा दिला. मला मात्र त्या दिवसापासून झोप नीट नाही.

मी मुलाला बोलले. तो म्हणाला, अगं, खराबी होती ती, मी बाबांच्या गाडीला नवं आयुष्य दिलं. मी म्हटलं, तू मागच्या सीटवर होतास. त्याला काही आठवत नव्हतं. मग तो म्हणाला, तिला गाडीतलं काय कळतं, साधा प्लग बदलता येत नाही. खरं आहे. तिला प्लग बदलता येत नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं बोलता मात्र त्याला येतं. त्याने हे प्रेमाने केलं, याची मला खात्री आहे, आणि म्हणूनच जास्त चीड येते. द्वेषाने केलं असतं तर निदान काय नाहीसं करतोय ते तरी आधी नीट पाहिलं असतं.

आता मंडळाने ठरवलं आहे की येत्या रविवारच्या प्रदर्शनात गाडी मधोमध ठेवायची, भोवती दोरी बांधायची. माझ्या पश्चात ती मंडळाच्या शेडमध्ये कापडाखाली राहील, असंही ठरलं आहे. माझ्या पश्चात काय व्हावं हे माझ्यादेखत ठरलं, चहा पिता पिता, माझ्याच कपांतून. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते हेच.

म्हणून: सदर गाडी, तिच्या किल्ल्या, कागदपत्रं आणि डिकीतलं जुनं छत्रीचं दांडकं यांसह, माझ्या पश्चात संपूर्णपणे मुलीची. मुलाचा, मंडळाचा वा इतर कोणाचा तिच्यावर कसलाही हक्क, अधिकार वा सल्ला राहणार नाही. मुलीने ती चालवावी. भाजी आणायला न्यावी, पावसात न्यावी, उन्हात उभी करावी. बंद पडली तर चोकला बोलवावं. अगदीच नको झाली तर विकावी, माझी हरकत नाही. पण दोरीच्या आत ठेवू नये.

कलम ६. हे कलम आज सकाळी वाढवलं.

आज सकाळी मी काठी टेकत फाटकाजवळ उभ्या गाडीपर्यंत गेले. डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली आहे. बसायला मनाई केलेली नाही, म्हणून मी बसले. गाडी सुरू झाली, मंडळाने इंजिन चांगलं केलं आहे, हे न्यायाने सांगितलं पाहिजे. पहिला गिअर टाकला, चाक डावीकडे वळवलं आणि गाडी सावकाश खांबावर नेली.

आवाज झाला. समोरचा शिंपी दुकानातून मापाची फीत गळ्यात घेऊन धावत आला. मुलगी ओल्या हातांनी बाहेर आली. तिने आधी मला पाहिलं, मी धड आहे याची खात्री केली, मग मडगार्डपाशी वाकली. नवा रंग टवके उडून खाली पडला होता. तिने नव्या पोच्यात हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

"थोडा वर आलाय," ती म्हणाली.

"तुझे बाबा घाईत होते," मी म्हटलं. "मी नव्हते."

जुना पोचा परत येत नाही, हे मला कळतं. मी शुद्धीत आहे, दाखला जोडला आहे. यांनी पाडला तो गेला, हा माझा आहे. तो काढायचा की ठेवायचा, हे माझी मुलगी ठरवेल, दुसरं कोणी नाही. मुलाला हे वाचून वाईट वाटेल. वाटू दे. नंतर त्याने बहिणीला विचारून एकदा मागच्या सीटवर बसावं. कदाचित काही आठवेल.

प्रदर्शनाला गाडी जाणार नाही, हे मुलाने मंडळाला कळवावं, म्हणून या लेखाची नक्कल आजच त्याला पाठवत आहे. कारण विचारलं तर सांगावं, की ती आता ओरिजिनल राहिलेली नाही.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, साक्षीदारांसमोर त्यावर सही केली आहे. साक्षीदारांनी सही पाहिली आणि पोचाही पाहिला. दोन्ही मी स्वहस्ते केली आहेत.

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार १: समोरचा शिंपी (सही). आवाज ऐकला, सही होताना पाहिली.

साक्षीदार २: शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापिका (सही). बाई पूर्ण शुद्धीत होत्या. गाडी ठोकल्यावर त्यांनी हँडब्रेक लावला होता.

ठिकाण: राहतं घर, फाटकाजवळ.
दिनांक: प्रदर्शनाच्या आधीचा गुरुवार.