तुझ्या दाढीचा काळा रंग

तीर्थरूप दादा,

साष्टांग नमस्कार (गुडघ्यांनी संप पुकारलाय, म्हणून कागदावरच घालतोय, मानून घे). तुझी तब्येत ठीक असेल, वहिनीची कंबर आता थोडंफार ऐकत असेल, असं धरून चालतो. नऊ वर्षांनी एकदम पत्र आलं म्हणून दचकू नकोस. इथे सगळे धडधाकट आहेत. विषय दाढीचा आहे.

निवृत्त झाल्यापासून मी बोटभर उंचीचे माणसांचे पुतळे रंगवतो (तुझी भावजय याला 'म्हातारपणीची भातुकली' म्हणते). यंदा बाबांचं सलून करायला घेतलं. खुर्ची झाली, आरसा झाला, कात्री घेतलेले बाबा झाले. त्यांना टक्कल, त्यामुळे ते एका दुपारी उरकले. मग बाकाला टेकून तुला उभा केला, तिशीतला, काळ्याभोर दाढीसकट. बाबा गिऱ्हाइकांसमोर कपाळाला हात लावायचे ना, "अख्ख्या गल्लीच्या दाढ्या करतो आणि घरातच हे रान!"

काळी दाढी म्हणजे काळा रंग, अशी माझी भाबडी समजूत. बाटली उघडली, थापला. तू डांबराच्या पिंपात तोंड घालून आल्यासारखा दिसायला लागलास. धुतला. (रंगाबरोबर डावी भुवईही गेली, माफ कर.) मग रंगवाल्याने शहाणं केलं, की काळे केस नुसते काळे नसतातच; गर्द तपकिरीत निळ्याचा थेंब घालायचा आणि वाळल्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशाने वरवर करडा फिरवायचा, म्हणजे केसांवर उजेड पडल्यासारखा वाटतो. निळा जास्त पडला. तू नाटकातला राक्षस झालास. पुन्हा धुतला. तिसऱ्या खेपेला भिंग लावून, श्वास रोखून एकेक केस ओढत होतो, तेवढ्यात शिंक आली. करडा रंग हनुवटीपासून थेट कानापर्यंत.

ही चहा घेऊन आली. भिंगातून बराच वेळ बघत राहिली. "थोरले भावोजी ना? आता अस्सेच दिसत असतील," म्हणाली आणि कप ठेवून गेली.

दादा, तो चहा तसाच राहिला. तिशीतल्या तुझ्या दाढीचा केस न् केस मला पाठ आहे, आणि आता तू दाढी ठेवतोस की नाही, एवढंही ठाऊक नाही. बाबा गेले, तू दुसऱ्या दिवशी पोचलास, आणि मी दारातच म्हणालो, "आता कशाला आलास?" तू चपलाही न काढता वळलास. मी जिन्यापर्यंत मागे आलो होतो. हाक मारली नाही. घसा बसला होता, असं मी सगळ्यांना सांगत आलो. घसा ठणठणीत होता.

वहिनीला नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. अलीकडचा एक फोटो पाठव. रंग जुळवायला, बाकी काही नाही.

ता. क. आणखी एक. निरोप तुला उशिरा मिळाला, तो माझ्यामुळे. बाबा आठवडाभर तुझं नाव घेत होते. बरे होतील, तुझी धावपळ कशाला, असं वाटलं म्हणून कळवलं नाही, हे मी लोकांना सांगितलेलं. खरं असं, की उशाशी मी बसलेला होतो आणि हाका तुला चालल्या होत्या. मला ते सोसलं नाही.

ता. क. फोटो नको. तूच ये. माझ्या खिडकीशी चारपर्यंत चांगला उजेड असतो.