सुनेचे 'घर' बोंबलांच्या खळ्यावरून उचलून घरात आणण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य अधिकारी, मनुष्यबळ विभाग,
क्लाऊडवेध सोल्युशन्स प्रा. लि.,
अंधेरी (पूर्व), मुंबई

दिनांक : १८ मार्च २०२५

विषय : आपल्या दीर्घकालीन 'घरून काम' धोरणात माझ्या सुनेचे घर चुकीच्या जागी नोंदले गेल्याबाबत, व ते आजच्या आज दुरुस्त करण्याबाबत.

संदर्भ : १) सौ. नेत्रा प्रज्योत भानजी यांनी आपणांस वेळोवेळी पाठवलेले ईमेल. २) आपल्या इमारतीचे वॉचमन श्री. धोंडिराम यांच्याशी झालेले बोलणे.

महोदय,

मी खाली सही करणारी मथुरा चंदर भानजी, राहणार वेसावे कोळीवाडा, अंधेरी (पश्चिम). आमच्या मच्छीमार महिला गटाची मी सचिव आहे. बंदरावरच्या दिव्यापासून बर्फापर्यंत सगळ्यासाठी अर्ज केलेले आहेत, त्यामुळे हा अर्ज कोणी शिकवून लिहून घेतला, असा आपला समज नसावा. नेत्राला तर याची खबरही नाही.

१. नेत्रा आपल्याकडे नोकरीला लागली तेव्हा आपल्या ॲपने तिला, घरी उभे राहून घराचे ठिकाण नोंदवा, असे सांगितले. आमच्या गल्लीत भिंतीला भिंत लागलेली, मोबाईलला रेंज नाही. फोन करायचा तर अख्खा कोळीवाडा खळ्यावर जातो. खळे म्हणजे मासळी सुकवायची मोकळी जागा. त्या दिवशी नेत्रा माझ्याबरोबर तिथेच बोंबील वाळत घालत होती. ॲपने विचारले, आपण घरी आहात का? तिने 'हो' दाबले. यात तिचे काय चुकले? आम्हा कोळणींचा निम्मा जन्म खळ्यावर जातो. तिथे उभ्या बाईला कोणी विचारले तर ती घरीच आहे असेच सांगणार.

२. पुढे घरात वायफाय आले, टेबल आले. टेबलाचा फोटो आपण मागवलात, पसंत केलात, 'फार छान' असेही कळवलेत. काम सुरळीत चालले होते. मग यंदा आपले नवे धोरण निघाले आणि ॲप दर तासाला माणूस घरी आहे की नाही ते तपासू लागले. तेव्हापासून नेत्रा आपल्या स्वतःच्या घरात, आपणच पसंत केलेल्या टेबलाशी बसली की आपला कॉम्प्युटर म्हणतो, ही घरी नाही. गैरहजर!

३. तिने ईमेल केले. आपल्या विभागाच्या रश्मी मॅडमनी उत्तर दिले की, आम्हाला तुमची काळजी आहे, पण ठिकाण बदलायची सोय वर्षातून एकदाच, ऑगस्टमध्ये असते. अहो, घर कुठे हलले आहे? ते माझ्या सासऱ्यांनी बांधले तिथेच आहे. बदलायचे काहीच नाही, चूक पुसायची आहे. एवढे कळायला किती शिक्षण लागते?

४. नेत्राला सातवा महिना आहे. तिचे प्रेशर वाढते, डॉक्टरांनी उन्हात जायचे नाही आणि लांबचा प्रवास करायचा नाही, असे लिहून दिले आहे. बाळंतपणाची रजा ती बाळासाठी राखून ठेवते आहे. आणि आपण तिला कळवलेत की यापुढे एकदा जरी 'घराबाहेर' सापडली तर सवलत बंद, हजेरी लावायचे ऑफिस बंगळुरूलाच आहे, तिथे रोज हजर राहावे, नाहीतर राजीनामा द्यावा. म्हणून ती पोर आता सकाळपासून खळ्यावर खुर्ची टाकून बसते. माझे यजमान चंदर यांनी वर ताडपत्री बांधून दिली आहे. मार्चचे ऊन ताडपत्रीला विचारत नाही. काल तिला भोवळ आली. मी वाटी घेऊन पाणी पाजत होते आणि ती मलाच म्हणते, आई, तुम्ही जरा बाजूला व्हा, कॅमेरा चालू आहे.

५. यावर कळस म्हणजे, आपण खळ्यावरच्या जागेचा फोटो मागवलात आणि मागे 'लटकणाऱ्या वस्तू' दिसतात त्या काढाव्यात असा शेरा मारलात. साहेब, ते बोंबील आहेत. ते लटकूनच वाळतात. त्यांच्यासाठीच ती जागा आहे. काढायचे कोणी असेल तर माझ्या सुनेला तिथून काढा!

६. मी स्वतः रिक्षा करून आपल्या कार्यालयात आले. धोंडिराम म्हणाले, "ताई, वर कोणी नसतं. साहेब लोक सगळे घरून काम करतात." मी म्हटले, मग त्यांच्या घरचा पत्ता द्या. तर म्हणे तो कोणाला द्यायची परवानगी नाही. म्हणजे आपले घर कुठे आहे ते कोणी विचारायचे नाही, आणि आमचे घर कुठे आहे ते आपण आम्हाला सांगणार. वा रे न्याय! माझा मुलगा प्रज्योत बोटीवर आहे. तो परत आला आणि बायको अशी बसलेली पाहिली तर तो अर्ज लिहीत बसणार नाही, हेही नम्रपणे कळवते.

तरी नेत्राचे घर तिच्या घरात नोंदवावे, लावलेल्या गैरहजेऱ्या पुसाव्यात आणि बंगळुरूची धमकी लेखी मागे घ्यावी. विश्वास नसेल तर आपण एक दिवस येऊन त्या खुर्चीवर बसावे. ताडपत्री मी काढून ठेवीन.

हा अर्ज मी खळ्याच्या कडेला बसून लिहीत आहे. समोर नेत्रा ओला रुमाल डोक्यावर ठेवून, एक हात पोटावर धरून आपल्या कोणा ग्राहकाशी बोलते आहे. त्याने मागचा वारा ऐकून विचारले असावे, कारण ती हसून म्हणाली, "नाही सर, बाहेर नाही. मी घरीच आहे."

आपली,
('नम्र' लिहिणार होते, आज लिहवत नाही)

मथुरा चंदर भानजी

सोबत :
१) डॉक्टरांची चिठ्ठी
२) आपण पसंत केलेल्या टेबलाचा फोटो. टेबल रिकामे आहे.
३) खळ्यावरच्या खुर्चीचा फोटो
४) सुके बोंबील, एक पिशवी. हे धोंडिराम यांच्यासाठी आहेत, आपल्यासाठी नाहीत.