मोटारीचा मोतीबिंदू

लोणावळा, २२ जुलै १९३६, बुधवार
पावसाचा वीट आला. पापडांना बुरशी, धोतराला कुबट वास, आणि आता मोटारीच्या दोन्ही दिव्यांत आतून वाफ. त्यातच तळेगावचे साडू चिंतामणराव आले. त्यांच्या चंद्रिकेची पहिली मंगळागौर मंगळवारी. दिवे पाहून म्हणाले, मोटारीला मोतीबिंदू झालाय. स्वतः सायकलवर हिंडणारा माणूस.

सौ. म्हणाली, सकाळच्या पॅसेंजरने जाऊ, भाचीची पूजा मिळेल. साफ नाही म्हटलं. मोटारीनेच जायचं, आणि अंधार पडल्यावर दिवे लावून साडूच्या दारात उभं राहायचं. रात्रीचे खेळ मिळाले म्हणजे झालं.

२४ जुलै
दिवे उघडून पुसले. आत गोगलगाय. शी. तासाभरात पुन्हा वाफ. सौ. म्हणते मेस्त्रीला दाखवा. माझी सारी नोकरी रेल्वेत गार्ड म्हणून गेली. बत्तीचं मला कुणी शिकवू नये.

२५ जुलै
चोर सापडला. प्रत्येक दिव्याच्या बुडाशी एक बारीक भोक. ओल तिथूनच शिरत असणार. बनवणारा गाढव असला पाहिजे. मालडब्याला करतात तसं लाखेने सीलबंद केलं.

२७ जुलै
रात्रभर मुसळधार. तरी यश. खालची अर्धी काच लख्ख, वाफ फक्त वर. सौ. म्हणते, खाली पाणी साचलंय म्हणून लख्ख दिसतं. हिला चांगलं काही बघवत नाही.

२८ जुलै, मंगळवार, दुपारी
आज पूर्ण काच लख्ख. दिवे लावून पाहण्याची गरजही वाटली नाही. पूजा चुकली म्हणून सौ. नथ घालून फुगून बसली आहे. मोटारीतून उतरताना फुलेल.

२९ जुलै
काल कामशेतच्या पुढे अंधारलं. बटण दाबलं. आत काहीतरी चर्र झालं आणि मिट्ट काळोख. मागून रखमाजी नावाचा शेतकरी बैलगाडी घेऊन आला. कंदील दिव्याजवळ धरून त्याने विचारलं, "रावसाहेब, ह्यात मासं पाळल्यात व्हय?"

मोटार त्याच्या गोठ्यात, शेणात. आम्ही त्याच्या बैलगाडीत, चिखलात. तळेगावला पोचलो तेव्हा फुगड्या संपून बायका घोरत होत्या. मावशीची वाट पाहून चंद्रिकाही झोपली होती. चिंतामणराव तेवढे दारात जागे. त्यांनी मोतीबिंदूच्या ऑपरेशनची चौकशी केली. नीच माणूस.

सकाळच्या पॅसेंजरने परत. सौ. नाकाला पदर लावून बसली होती. मला वाटलं, माझ्या कोटाच्या वासाने. पण ती रडत होती. वाईट वाटलं.

असो. मंगळागौरीला गाडीने गेलो आणि गाडीनेच परत आलो. यात एक अक्षर खोटं नाही.