चवथीचं वजें

आई, तुला जाऊन गणपतीच्या किती चवथी झाल्या, हे मोजणं मी सोडलं आहे. पण आज तुझ्याशीच बोलायचं आहे, कारण तुझंच शिकवलेलं माझ्या अंगाशी आलं. मी डिचोलीला मुलींच्या निवारागृहात काम करते. धंद्यातून सोडवलेल्या मुली कोर्ट आमच्या हवाली करतं. गेल्या पावसाळ्यात बेळगावकडची एक पोर आली, लग्न न झालेली, पुरती कोवळी. तिच्याबाबत कोर्टाचा आदेश स्पष्ट होता: परवानगीवाचून कोणीही तिला भेटायचं नाही. फाटकाची चावी माझ्या कमरेला असे.

चवथीच्या आदल्या दिवशी एक बाई दारात आली. डोक्यावर टोपली, चवथीला माहेरून येते तशी, तीत घाटावर करंज्या म्हणतात त्या नेवऱ्या, लाडू, नारळ, वर कोरं लाल कापड. "हांव पोरीची मावशी. वजें हाडलां, बाय. परत धाडूं नाका गो." आणि मला तू दिसलीस. पेडण्याच्या आपल्या स्वयंपाकघरात तू नेवऱ्या तळते आहेस आणि मला बजावते आहेस, "म्हायारचें वजें दारांतल्यान परत धाडूंक जायना." डोळे भरून आले माझे. मी मेलीनं फाटक उघडलं.

पोर बाहेर आली आणि जागच्या जागी थिजली. बाईनं हसत तिच्या तोंडाशी नेवरी नेली. "कोर्टांत तोंड उगडूं नाका हां, बाय." पोर माझ्या पाठीशी दडली. "बाई, ही मावशी न्हवं. हिनंच मला विकलं."

तेव्हा कुठे मला सुचलं. वजें जातं लग्न झालेल्या लेकीला, तेही आपल्या गोव्यात. घाटावरच्या कुमारिकेला कसलं आलं वजें? मी आरडाओरडा केला, वॉचमननं फाटक लावलं, पोलिसांनी त्या सटवीला नेलं. पण आपण दारातून काय परतवत नाही, हे तिला नेमकं ठाऊक होतं. मायेचा असा वापर कोणी करील, हे मला अजून खरं वाटत नाही. पोर कितीतरी दिवस मुकी झाली होती. शेवटी कोर्टात बोलली, माझा पदर मुठीत धरून, पण सगळं बोलली. कोर्टानं आदेश वाढवला.

या चवथीला दादा माझं वजें घेऊन इथेच आला. तू गेल्यापासून तोच आणतो. पोर माझ्या मागे पदर धरून उभी होती. मी कुलूप काढलं नाही. "दादा, हें वजें परत व्हर," म्हटलं. तो खुळ्यासारखा बघत राहिला.

"तुमचाच भाऊ न्हवं?" पोरीनं विचारलं.

"माझाच."

तिनं माझा पदर सोडला आणि आत जेवायला गेली.

हे सगळं लिहून तुला धाडायचं तरी कुठे? तुझा शब्द मोडल्याचं वाईट वाटलं नाही, आई. फक्त एक नेवरी खावीशी वाटली होती.