कॉम्प्युटरची तारीख

बाबा,

'कनेक्शन सुरक्षित नाही' असं सारखं येत होतं, त्यात तुमची काहीच चूक नव्हती. कॉम्प्युटरमधला सेल संपल्यामुळे त्याची तारीख सहा वर्षं मागे गेली होती. ती बरोबर केली आणि लॅबची साइट लगेच उघडली. काल "भलतंच काहीतरी दाबलं असेल" म्हणून मी तुमच्यावर खेकसले, चुकलंच माझं. आता तो बंद करू नका, नाहीतर तारीख पुन्हा मागे जाईल.

आईचा रिपोर्ट आलाय. मी वाचला. गाठ साधी नाहीये.

मी डॉक्टरांची वेळ घ्यायला जातेय. आई उठल्यावर विचारेलच, तेव्हा साइट अजून उघडत नाही असं सांगा. तुम्हाला खोटं बोलणं जमत नाही, माहितीये मला. पण अकरापर्यंतच. मी आले की तिच्याजवळ बसून दोघं मिळून सांगू.

धाकटी