फोनवरची मधुरा

३ नोव्हेंबर
उज्जैनला येऊन आठ दिवस झाले आणि मी चक्क खूश आहे. सांगलीत अकरा वर्षं एका म्हाताऱ्या एमआरआय मशीनची मनधरणी केली. इथे नानाखेड्यातल्या सेंटरला कोरं करकरीत मशीन आलंय आणि ते चालवायला मी. घर पायी दहा मिनिटांवर. खालच्या मजल्यावर घरमालकीण अक्का राहतात. सहा पिढ्या इथेच गेल्यामुळे त्यांचं मराठी ऐकण्यासारखं आहे. आल्या आल्या म्हणाल्या, “सामान नंतर जमवून घ्याल, पहिले चाय पिऊन घ्या!” मधुरा पदराआड हसत होती. बायकोला नवं गाव आवडलं की नवऱ्याची निम्मी कटकट मिटते.

७ नोव्हेंबर
नवं मशीन आलं की पेशंटच्या आधी आपल्यातलंच कुणीतरी आत झोपतं, असा आमच्याकडे रिवाज. मीच झोपलो. या मशीनवर मेंदूतले तंतूही दिसतात. त्यांच्या कडेने पाणी कसं सरकतं त्यावरून कॉम्प्युटर रंगीत जुड्या काढतो: आडव्या लाल, मागेपुढे जाणाऱ्या हिरव्या, उभ्या निळ्या. आमच्या रेडिओलॉजिस्ट डॉ. निहारिका एकच चित्र पुन्हा पुन्हा मोठं करून बघत होत्या, तेव्हा मीच स्क्रीन वळवून घेतला. उजव्या कानाच्या आतल्या अंगाला बोराएवढी गाठ. डावीकडची हिरवी जुडी सरळ गेलेली. उजवीकडची गाठीला वळसा घालून जाते, आणि पुढे तिचे निम्मे तंतू नाहीतच. लोकांच्या गाठी रोज बघतो. आपली बघितल्यावर स्क्रीनवरचं नाव दोनदा तपासलं.

१० नोव्हेंबर
इंदूरच्या सर्जनने एक डिसेंबरला ऑपरेशन ठरवलं. गाठ लहान आहे, पण रस्त्यातच बसलीय म्हणाला. काही तंतू नुसते बाजूला ढकललेत, ते गाठ काढल्यावर जागेवर येतील. काही तुटत चाललेत. चेहरा ओळखणारी जागा शाबूत, माया वाटणारी जागा शाबूत, दोन्हींमधली वाट मात्र बंद होतेय; आवाजाची वाट वेगळी, ती मोकळी आहे. उशीर केला तर घरचीच माणसं परकी वाटू लागतील. संमतीची सही मलाच करायची आहे. मधुराने माझा हात घट्ट धरून ठेवला होता. मला फार भीती वाटते, आणि तिच्याशिवाय कुणाला सांगणार?

१६ नोव्हेंबर
सकाळी मधुराने पोह्यांची बशी पुढे केली. मी वर पाहिलं आणि काहीच वाटलं नाही. नाक तेच, हनुवटीवरचा तीळ तोच. पण कुठल्याशा लग्नात भेटलेली लांबची पाहुणी असावी तशी. सर्जन म्हणाला होता ते हेच, मला समजतं. तिला सांगितलं नाही. दिवसभर तिच्यावर खेकसत राहिलो.

१९ नोव्हेंबर
ही मधुरा नाही.
सर्जनचं सगळं माझ्या लक्षात आहे. तेच तर हिच्या पथ्यावर पडलंय! काहीही विचारा, उत्तर तयार: गाठीमुळे तुला तसं वाटतंय. माझ्याच गाठीआड लपून बसलीय. लग्नाची तारीख विचारली, बरोबर सांगितली. पाठ करून आली असणार. अक्कांना खाली जाऊन विचारलं तर त्यांच्या डोळ्यांत पाणी. “अहो, तुमचीच बायको आहे ती, असं काय करून राहिले?” म्हणजे त्याही सामील.

२२ नोव्हेंबर
दुपारी फोन वाजला. मधुरा! देवास गेटला भाजी घेत होती, गोळी घेतली का म्हणून विचारत होती. तिचाच आवाज. मी हमसून हमसून रडलो. म्हणालो, लवकर ये, घरात एक बाई घुसलीय. ती म्हणाली, येते.
अर्ध्या तासाने दार उघडलं तर तीच बाई. हातात मधुराची पिशवी. मधुराचा फोन.

२५ नोव्हेंबर
आता मधुरा फक्त फोनवर भेटते. कुठे आहेस विचारलं की म्हणते, घरातच आहे. घरातच — म्हणजे कुठे? सगळी कपाटं पाहिली. पाण्याची टाकीसुद्धा. ती म्हणते, सही कर. बाई शेजारी उभी राहून वदवून घेतेय.

२७ नोव्हेंबर
सही करणार नाही. कागद फाडले. गाठ काढली की ही बाई मला मधुरा वाटू लागेल. मी हिच्या हातचं सुखाने खाईन. मग माझ्या मधुराला शोधणारं — कुणीच नाही.

२८ नोव्हेंबर
सकाळी बाई आतल्या खोलीत गेली. मी बाहेरून कडी घातली. अक्का जिन्यात ओरडतायत — बाहेरचं दार मी आतून लावून घेतलंय.

फोन. मधुरा. रडतेय. कडी काढ म्हणते, मग म्हणते, नको, काढू नकोस, आधी हातातलं खाली ठेव —
हातात वरवंटा आहे हे तिला कुणी सांगितलं? बाईने. दाराच्या फटीतून बघतेय.

तिला सांगितलं, घाबरू नकोस. तुला कुठे ठेवलंय ते आता हिच्याकडून काढून घेतो. तर म्हणते, रुचिर, तिला मारू नकोस. त्या बाईचीसुद्धा दया येते हिला. असंच मन आहे माझ्या मधुराचं.

फोन ठेवू नकोस म्हटलं. ऐकत राहा. एवढं लिहून कडी काढतो, आणि मग तू —